तेविसाव्या पानावरची तारीख

दोन वाजताची नोंद लिंगराजनं वेळेवर केली, पण ती त्याला आवडली नाही. सावलीतला पारा एकोणनव्वद फॅरनहाइटवर, कालच्यापेक्षा आठ अंशांनी वर. वारा बंद. पश्चिमेला ढगांची काळी भिंत उभी होती आणि तिच्या बुडाशी, तांब्याच्या जुन्या भांड्यावर चढते तशी हिरवट कळा होती. असली कळा त्यानं आयुष्यात एकदाच पाहिली होती, हैदराबादला बी.एस्सी. करत असताना, एका एप्रिलमध्ये. त्या दिवशी वसतिगृहाच्या एकोणीस काचा फुटल्या होत्या. त्यानं वहीत 'हिरवट' लिहिलं, खोडलं आणि पुन्हा लिहिलं.

पानाच्या डोक्यावर तारीख होती: ७ फेब्रुवारी १९५३, शनिवार. मुडबीच्या आसपास फेब्रुवारीत गारा पडत नाहीत. हे त्यानंच लिहिलेलं होतं आणि नुसतं लिहून ठेवलेलं नव्हतं, छापलेलं होतं.

'मुडबी परिसराचं हवापाणी' हे चौसष्ट पानांचं पुस्तक त्यानं गुलबर्ग्याच्या एका छापखान्यातून छापून आणलं होतं. प्रती तीनशे. छापायला कोणी तयार होईना, म्हणून मुखपृष्ठावर 'लेखक' आणि 'प्रकाशक' या दोन्ही शब्दांपुढे त्याचंच नाव होतं. दिवाळीपासून सत्याऐंशी प्रती गेल्या होत्या, सगळ्या त्याच्याच हातून, कुठे बाजारात, कुठे बसमध्ये, कुठे लग्नाच्या मांडवात. प्रत कोणाला दिली याची यादी तो नोंदवहीच्या शेवटच्या पानांवर ठेवायचा. मोठ्या लेखकांना आपले वाचक ठाऊक नसतात. लिंगराजला त्याचे सगळे वाचक नावानं, गावानं आणि बहुतेकांचे त्यांच्या शेतांनिशी ठाऊक होते. यादीत पहिलं नाव बंडेप्पांचं होतं. त्यांचं शेत लिंगराजच्या शेताला लागूनच, मध्ये फक्त बांध.

त्या शेतात, म्हणजे लिंगराजच्या स्वतःच्या शेतात, या घडीला त्याची थोरली बहीण ईरम्मा माळ्यावर बसलेली होती. माळा म्हणजे चार मेढींवर बांधलेली बाज. वर छप्पर नाही, आडोसा नाही. तिथं बसून ती गोफणीनं ज्वारीवरची पाखरं हाकत असणार. तिला सोमवारीच ज्वारी काढायची होती. लिंगराजनं काढू दिली नव्हती. दर तिसऱ्या दिवशी तो रस्त्याकडच्या ओळींतून कणसं तोडून आणायचा आणि शंभर दाणे सोनाराच्या तराजूत तोलायचा. वजन अजून वाढत होतं. आणखी दहा दिवस थांब, असं त्यानं सांगितलं तेव्हा ईरम्मानं आभाळाकडे पाहून गारांचं नाव काढलं होतं. त्यावर त्यानं तेविसावं पान उघडून, चार मार्चच्या आधी इथं गारा पडत नाहीत, हे तिला वाचून दाखवलं. तिला अक्षर येत नव्हतं. वाचून होईपर्यंत ती गप्प उभी राहिली, मग भाकरी थापायला आत गेली. तिला पटलं, असं तो समजला.

घरात पाहुणे होते. अच्युतराव, तालुक्याच्या कचेरीतले निवृत्त पेशकार, सकाळच्या बसनं चिटगुप्प्याहून आले होते. लिंगराजच्या पुस्तकाचा सगळा आधार निजामाच्या अमदानीतल्या एका उर्दू रजिस्टरवर होता. १३२६ ते १३५६ फसली, म्हणजे निजामी महसुली सालांनी एकतीस वर्षांच्या गारपिटीचं ते रजिस्टर. राज्य बदललं, कचेरीचा कारभार बदलला, जुनी दप्तरं बांधून पोटमाळ्यावर टाकायला निघाली, तेव्हा लिंगराजनं आपल्या मास्तरकीतल्या दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या घालवून ते उतरवून घेतलं होतं. त्यातली निम्मी अक्षरं अच्युतरावांच्या हातची होती. आपल्या अक्षरांचं कोणी पुस्तक केलं, हे कळल्यावर त्यांना राहवलं नाही. जेवण झाल्यापासून ते एकेक पान उलटून तारीफ करत होते. कागद चांगला, टाइप ठसठशीत, फसली महिन्यांचे इंग्रजी महिने अगदी बिनचूक लावलेत. लिंगराजचं चित्त मात्र दाराकडे होतं.

पहिली वीज चमकली. त्यानं मनात आकडे मोजले. सहाव्या सेकंदाला गडगडाट आला. आवाज सेकंदाला अकराशे फूट जातो. सहाला सहासष्टशे फूट, म्हणजे सव्वा मैल. घरापासून त्यांचं शेत सव्वा मैलावरच होतं, त्याच दिशेला.

पुढची वीज. पुन्हा सहा.

मग पश्चिमेकडून एक आवाज सुरू झाला. तो गडगडाट नव्हता. रिकाम्या गाड्या खडकावरून एकामागून एक यायला लागाव्यात तसा सलग घरघराट, थांबत नव्हता आणि जवळ येत होता. अच्युतरावांनी चष्मा काढला. दोघांनाही तो आवाज कसला ते कळलं.

लिंगराज उंबऱ्यापर्यंत गेला आणि त्याच्या पायापुढे पहिली गार पडली. बोराएवढी. दुसरी. मग एकदम सगळं अंगण उसळायला लागलं. शेजारच्या पत्र्यावर असा काही कल्लोळ उठला की घरातलं बोलणं ऐकू येईना. माळवदावर मात्र गारा मुक्या पडत होत्या, कोणी वर बसून मातीवर मुठी मारत असल्यासारख्या. लिंगराजनं वाकून एक गार उचलली, कोनाड्यातला तराजू काढून त्यात टाकली. पाऊण तोळा. मग आणखी एक, सव्वा तोळा. त्यानं वेळ लिहिली, तीन वाजून दहा मिनिटं, आणि मग आपण काय करतोय हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं तराजू खाली ठेवला. पारड्यातली गार वितळून उंबऱ्यावर ओघळली.

उघड्या माळ्यावर बसलेल्या बाईच्या डोक्यात सव्वा तोळ्याचा बर्फ आभाळातून पडला तर काय होतं, याचं गणित त्याला येत होतं. ते मांडायची त्याची छाती झाली नाही.

तो अच्युतरावांना म्हणाला, की अक्का शेतात आहे. मोठ्यानं, दोनदा म्हणावं लागलं. आणि मग स्वतःचीच समजूत घातल्यासारखं पुढे बोलत राहिला: एकतीस वर्षांत एकदाही नाही, चार मार्चच्या आधी एकदाही नाही, हे नवलच म्हणायचं, अपवाद म्हणायचा.

अच्युतराव तेविसाव्या पानावर बोट ठेवून बसले होते. बोट त्यांनी मघापासून तिथंच ठेवलं होतं.

"मास्तर," ते म्हणाले, "हे सांगायलाच मी आलो होतो. जेवणाआधी सांगणार होतो, धीर झाला नाही. ही तारीख गारा पडल्याची नाही."

लिंगराज वळला.

"रजिस्टरात तारीख लिहायचो ती मुआयन्याची. आम्ही गावात जाऊन नुकसान बघितलं, तो दिवस. गारा त्याआधी पडलेल्या असायच्या."

"किती आधी?"

अच्युतरावांनी हिशेब सांगितला. पाटलानं कळवायचं, ते कागद कचेरीत यायचे, तपासणीच्या गिरदावर अंमलदाराला सवड व्हायची, साहेबांचा दौरा ठरायचा, गाडी मिळायची. वीस दिवस कुठे गेले नाहीत. कधी महिना. एका साली तर साहेबांच्या घरी लग्न होतं, तेव्हा पाच आठवडे. कचेरीत सगळ्यांना हे ठाऊकच होतं, म्हणून रजिस्टरात कुठे लिहायची कोणाला गरज वाटली नाही. बाहेरचं कोणी कधी ते वाचील, असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

लिंगराजच्या डोळ्यांपुढून तक्ता सरकला. एकतीस ओळी. त्यानं एकेक ओळ तीनदा ताडून पाहिली होती, फसलीचे महिने मोडून इंग्रजी केले होते, सरासरी काढली होती, दशांशात. आणि सगळाच्या सगळा तक्ता महिनाभर पुढे सरकलेला होता. चार मार्च म्हणजे फेब्रुवारीचा पहिला आठवडा. आजचा दिवस. अपवाद वगैरे काही नव्हता. आजचा दिवस तक्त्यात अगदी आपल्या जागी पडला होता.

चूक ढकलायला दुसरं कोणी नव्हतं. प्रकाशकही तोच होता.

बाहेर गारा आता आवळ्याएवढ्या झाल्या होत्या. समोरच्या घरातल्या चंद्रम्मानं दार किलकिलं करून अंगणात मुसळ भिरकावलं आणि दार लावून घेतलं. मुसळ टाकलं की गारा थांबतात, असं गावात सगळे मानत. पुस्तकाच्या चाळिसाव्या पानावर लिंगराजनं या समजुतीला सात ओळी दिल्या होत्या. घड्याळ लावून काढलेला निष्कर्ष असा, की मुसळाचा आणि गारांचा काही संबंध आढळत नाही. आता तो स्वयंपाकघरात गेला, कोपऱ्यातलं मुसळ उचललं आणि दारातून अंगणात फेकलं. ते गारांवर आपटून घरंगळत गेलं. अच्युतरावांनी बघितलं आणि नजर पुस्तकात घातली.

गारा थांबल्या नाहीत. पुन्हा वीज झाली, त्यानं मोजलं. चार. वादळ गावाकडे आलं होतं, पण शेतावरचा घरघराटही तसाच चालू होता.

मग तो पुन्हा आत गेला. अक्का रोज जिच्यात भाकरीचं पीठ मळायची ती लाकडी काठवट चुलीशी पालथी पडलेली होती, चार बोटं जाड, जड. त्यानं घोंगडं डोक्यावरून घेतलं, त्यावर काठवट पालथी धरली. अच्युतराव उठून दारापर्यंत आले. थोडं थांबा, ओसरू द्या, असं काहीसं म्हणाले. लिंगराजनं उंबरा ओलांडला.

"रस्त्यानं जा," एवढंच त्यांनी शेवटी सांगितलं. "झाडाखालून नको."

काठवटीवर गारा पडायला लागल्या तसा त्याच्या कानात नगारा सुरू झाला. काठवट धरलेली बोटं उघडी होती; तिसऱ्या-चौथ्या गारेलाच उजव्या हाताची दोन बोटं बधिर झाली. पायाखाली गारा गोट्यांसारख्या सरकत होत्या. तो दोनदा गुडघ्यावर पडला, दोन्ही वेळा काठवट सोडली नाही. मोजायची सवय सुटत नव्हती. घरापासून शेतापर्यंत दोन हजार सहाशे पावलं होती, रोजच्या चालीनं. आज पावलं लहान पडत होती, म्हणून आकडा खोटा ठरणार, हे कळत असूनही तो मोजत राहिला, कारण मोजणं थांबवलं की माळा दिसत होता.

अठराशेच्या आसपास गारा बारीक झाल्या. बावीसशेला त्यांचा पाऊस झाला, थंड, सुईसारखा. मग तोही विरळला आणि लिंगराजला पुढचं दिसायला लागलं.

आधी बंडेप्पांचं शेत आलं. पुरुषभर उंच ज्वारी आडवी झाली होती, एका दिशेला, जणू कोणी वरून रूळ फिरवला. कणसं चिखलात गेली होती आणि मधूनमधून पांढऱ्या गारांचे ढीग होते. बांधापलीकडे त्यांचं स्वतःचं शेत. रस्त्याकडच्या ओळी भुईसपाट. माळ्याच्या दोन मेढी मोडून बाज तिरपी लोंबत होती. बाजेवर कोणी नव्हतं, बाजेखालीही कोणी नव्हतं. गोफण चिखलात पडली होती.

त्यानं हाक मारली.

"अक्का!"

शेत पुढे बाभळींच्या रांगेपलीकडे उताराला लागत होतं. तिकडून हाक आली, जरा खवळलेलीच.

"वरडायलास कामून? हितं हाय मी."

तो बाभळी ओलांडून धावला आणि थबकला. उताराचं सगळं रान मोकळं होतं. ज्वारी केव्हाच उपटून झाली होती. पेंढ्या उभ्या रचून, वर चार पेंढ्यांचं टोपण घालून, एकाला एक लागून पाच बुचाडं उभी होती, झोपड्यांसारखी. वरच्या पेंढ्या गारांनी चिंध्या झाल्या होत्या, पण आतली कणसं कोरडी होती. मधल्या बुचाडातून ईरम्मा ओणवी होऊन बाहेर येत होती. डोक्यावर पदर, पदराला कडब्याचा पाला, आणि डावा हात उजव्यानं छातीशी धरलेला. मनगटापासून बोटांपर्यंत हात सुजून काळानिळा पडला होता.

"माळ्यावरून उतरायला जरा उशीर झाला," ती म्हणाली. "डोसक्यावर हात धरून पळाले. मोडला न्हाई वाटतं. बोटं हलायलेत."

लिंगराजनं तिचा हात बघितला, एकेक बोट हळूच वाकवून बघितलं, आपलं उपरणं फाडून गळ्यात झोळी बांधून दिली. तोवर ती सांगत होती. सोमवारीच तिनं शकुबाई आणि बसव्वाला बोलावलं होतं. उताराकडून काढायला सुरुवात केली, कारण उतार रस्त्यावरून दिसत नाही. पाच दिवसांत तिघींनी काढली.

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू तीनशे पुस्तकं छापून आणलास. त्यात मी एक कुठं तोंड घालू?" ती म्हणाली. "तुझ्या त्या तोलायच्या पंधरा ओळी तेवढ्या ठेवल्या व्हत्या. आजबी त्याच राखायला आले, पाखरं खातील म्हणून."

लिंगराजनं विचारलं, की गारा पडतील असं तिला वाटलंच कसं.

ईरम्मानं त्याच्याकडे असं पाहिलं, की हे काय विचारायची गोष्ट आहे.

"अप्पा गेले त्या साली न्हाई का पडल्या? शिवरात्र यायची व्हती अजून. माणसं गारा तुडवीत आली अप्पांना न्यायला. तू अंगणातल्या गारा उचलून तोंडात घालायलास म्हणून मीच तुला चापट मारली. सात वर्सांचा व्हतास. इसरलास?"

तो विसरला नव्हता. जिभेवरचा तो बर्फ, गालावरची चापट, आणि वडील गेले म्हणून घरातून येणारा रडण्याचा आवाज, सगळं त्याच्यापाशी होतं. फक्त ते साल १३४५ फसली होतं, हे त्यानं कधी जोडून पाहिलं नव्हतं. १३४५ ची ओळ त्यानं स्वतःच्या हातानं उतरवली होती: मौजे मुडबी, वीस मार्च. शिवरात्र त्या साली वीस मार्चच्या बऱ्याच आधी होऊन गेलेली असणार. एका ओळीनं सगळा तक्ता मोडला असता. एकतीस वर्षांच्या रजिस्टराला त्यानं दोन उन्हाळे दिले होते. घरातल्या बाईला एक प्रश्न विचारला नव्हता.

त्यानं तिला अच्युतरावांचं बोलणं सांगितलं. मुआयना, गाडी, साहेबांचा दौरा. तिनं मान हलवली. यात तिला नवल वाटण्यासारखं काही दिसलं नाही. सरकारी माणूस गावात गारा वितळल्यावरच येतो, हे तिनं नेहमीच पाहिलेलं होतं. तिला वेगळंच सुचलं.

"ते पुस्तक आणखी कुणाकुणाला दिलास रं?"

बांधावर कोणीतरी उभं होतं. बंडेप्पा, डोक्यावर पोत्याची खोळ, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं. त्यांनी या दोघांकडे पाहिलं, पाच बुचाडांकडे पाहिलं, मग पाठीमागच्या आपल्या आडव्या ज्वारीकडे पाहिलं.

"मास्तर," त्यांनी तिथूनच विचारलं, आवाज न चढवता, "आज काय मार्च लागला काय?"

लिंगराजला ते म्हातारपण येईपर्यंत ऐकू येत राहणार होतं. अक्कानं तिच्या बऱ्या हातानं त्याच्या पाठीला हलकाच धक्का दिला. तो बांधापर्यंत गेला. बंडेप्पांच्या समोर उभा राहून त्यानं सगळं सांगितलं, मागेपुढे न करता: तारीख कसली होती, आपण ती कसली समजलो, तक्ता किती दिवसांनी चुकला. अक्कानं आपल्याला न विचारता ज्वारी काढली, हेही सांगितलं, कारण नाहीतर ती पाच बुचाडं बघून बंडेप्पांनी भलतंच काही मनात घेतलं असतं. शेवटी तो म्हणाला, "काका, चूक माझी हाय. तुम्ही माझ्या शब्दावर थांबला."

बंडेप्पांनी खाली वाकून चिखलातलं एक कणीस उचललं, तळहातावर चोळलं. दाणे चांगले टपोरे होते. थांबलं की दाण्याचं वजन वाढतं, हे मात्र पुस्तकात लिहिल्यासारखंच झालं होतं. त्यांनी दाणे खाली टाकले.

"मला काय सांगायलास?" ते म्हणाले. "माझी तर पडली. ज्याची अजून उभी हाय, त्याला सांग की."

पश्चिमेला ढग फाटले होते, पण पलीकडे दुसरी फळी दिसत होती, तशीच काळी. हवा अशी एकदा बिघडली की दोन-तीन दिवस बिघडलेली राहते, हे पुस्तकाच्या तिसाव्या पानावर होतं आणि ते तरी त्यानं स्वतःच्या नोंदींवरून लिहिलेलं होतं.

ईरम्मा काठवट डोक्यावर घेऊन घराकडे निघाली. पेशकारसाहेबांना चहा करायचा आहे, म्हणाली, आणि हाताला हळद लावायची आहे. लिंगराजनं खिशातून नोंदवही काढली. कडा भिजल्या होत्या, पण शेवटची पानं वाचता येत होती. पहिल्या नावापुढे त्यानं खूण केली. दुसरं नाव गुरुशांतप्पांचं होतं, दीड मैल उत्तरेला. त्यांची आई सत्तरीची होती. तिला कोणत्या साली गारा केव्हा पडल्या ते आठवत असणार.

वीज चमकली. तो चालायला लागला होता. चालता चालता त्यानं मोजायला सुरुवात केली. अकरा झाले, बारा झाले, आवाज आला नाही; दुसरी फळी अजून अडीच मैलांपलीकडे होती. त्यानं झटझट पाऊल उचललं.